४,९९९ रुपयांचा क्लास आणि कटिंगच्या टेबलावरची वही

क्लास सहा संध्याकाळचा होता, झूमवर, रोज आठ ते साडेनऊ. फी ४,९९९ रुपये. विषय एकच: आपल्याजवळ असलेली माहिती पीडीएफ, तक्ते, नमुने किंवा छोटा व्हिडिओ कोर्स अशा रूपात ऑनलाइन विकायची असेल, तर नेमकं काय विकायचं ते कसं शोधावं. ती वस्तू बनवायची कशी, जाहिरात कशी करायची, हा त्यांचा दुसरा, बराच महाग कोर्स आहे. तो मी केलेला नाही, त्यामुळे त्याबद्दल काही लिहीत नाही. संस्थेचं नावही घेत नाही. माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना थेट कळवल्या आहेत. हे लिहिते आहे ते आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या बायामाणसांसाठी. अशा क्लासच्या जाहिराती रोज मोबाइलवर येतात आणि पाच हजार घालावेत की नाही हे विचारायला जवळ कुणी नसतं.

मी अमळनेरची. चोवीस वर्षं शिवणक्लास चालवते. माझ्याकडे शिकून गेलेल्या निम्म्या मुली लग्न होऊन सुरतेला आहेत, उधना, लिंबायत त्या बाजूला. तिकडे घरी बसून नगावर ब्लाउज शिवतात आणि अडलं की मला फोटो पाठवतात. मी व्हॉइस नोट करून उत्तर देते. मागच्या वर्षी त्यातल्या एकीने न मागता दोनशे रुपये पाठवले आणि खाली लिहिलं, "ताई, तुमनी व्हॉइस नोट मी सात जणीसले धाडी." आपलं सांगणं आपल्याशिवायही इतकं फिरतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पण चोवीस वर्षांत जमलेल्या शिवणकामातलं विकायचं काय, ते सुचेना. म्हणून क्लासला नाव घातलं.

पहिला दिवस मला फुकट गेल्यासारखा वाटला. आरोग्य, पैसा आणि नातेसंबंध या तीनच विषयांतली माहिती खपते, असं एक तास सांगितलं गेलं. मी "शिवणकाम" लिहिलं, तर "फार मोठा विषय आहे, लहान करा" एवढंच उत्तर आलं. लहान करायचा कसा, ते नाही. बेचाळीस जण होतो. रावेरकडचा एक केळीवाला शेतकरी होता, नंदुरबारच्या मिरची पथारीवरून, म्हणजे मिरची वाळवतात त्या मैदानावरून, मिरची घेऊन घरी मसाले करणारी एक बाई होती, धुळ्याचे एक निवृत्त शिक्षक होते. सगळ्यांना हेच उत्तर.

दुसऱ्या दिवसाबद्दल मात्र मी मनापासून चांगलं बोलणार आहे. त्या दिवशी शिकवायला दुसऱ्या मॅडम होत्या. त्यांनी सांगितलं, तीस दिवस एक वही ठेवा. तुम्हाला कुणीही काहीही विचारलं, फोनवर, दुकानात, लग्नाच्या मांडवात, तर उत्तर देण्याआधी तो प्रश्न वहीत उतरवा. तुमच्या भाषेत नाही, विचारणाऱ्याच्या शब्दांत. शेजारी तारीख आणि कुणी विचारलं ते. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला की त्यावर गोल करा. त्या गोलांपैकी एका प्रश्नाचं पूर्ण उत्तर म्हणजे तुमची पहिली वस्तू.

ऐकताना वाटलं, यात काय मोठं? पण मी दोनशे पानी वही आणली आणि कटिंगच्या टेबलावर ठेवली. तीस दिवसांत १४३ प्रश्न जमले. मी शपथेवर सांगितलं असतं की मला सगळ्यात जास्त प्रिन्सेस कट आणि कटोरी हे ब्लाउजचे प्रकार विचारतात. चूक. प्रिन्सेस कट नऊ वेळा, कटोरी सहा वेळा. आणि एकतीस वेळा हे: "ताई, गळा उतरी जास."

एकतीस! आणि प्रत्येकीचे शब्द थोडे वेगळे. एक म्हणते गळा उतरतो, दुसरी म्हणते खांदा घसरतो, तिसरी म्हणते पट्टी दिसते, चौथी गिऱ्हाइकाचं बोलणं सांगते की सारखं पिन लावावं लागतं. मी वर्गात शिकवताना हा भाग "शोल्डर आणि नेक" म्हणून दहा मिनिटांत उरकत होते. विचारणारीच्या डोक्यात शोल्डर हा शब्दच नाही. तिच्या डोक्यात गळा आहे, आणि तो उतरतो आहे. मॅडमनी प्रश्न जसाच्या तसा लिहायला का सांगितलं, ते पंधराव्या-सोळाव्या दिवशी उमगलं. पुढे माझ्या पीडीएफचं नाव ठरवायला एक मिनिटही लागलं नाही: "ब्लाउजचा गळा उतरू नये म्हणून".

रावेरच्या दादांचंही असंच झालं. त्यांना केळीवर शंभर पानी पुस्तक करायचं होतं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तिथपासून सुरुवात, मग मृग बाग आणि कांदे बाग हे लागवडीचे हंगाम, जाती, खतं, निर्यात, सगळं. त्यांच्या वहीत मानांकनाबद्दल एकही प्रश्न आला नाही. आले ते नव्या लागवडीचे. टिश्यू कल्चरची रोपं लावून महिना झाला, पानावर पिवळट पट्टे दिसतात, हा हरण्या आहे का, झाड उपटू की थांबू? हरण्या म्हणजे सीएमव्ही, माव्यातून पसरणारा विषाणू. लागलेलं झाड औषधाने बरं होत नाही, उपटून नष्ट करावं लागतं. शेतकऱ्याचा जीव अडकतो तो एवढ्याच जागी: हे पान हरण्याचं की अन्नद्रव्याच्या कमतरतेचं? दादांनी आता पहिल्या दोन महिन्यांतल्या पानांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बत्तीस पानं केली आहेत. मला केळीतलं कळत नाही, पण ती पानं पाहून मलाही फरक दिसला.

तिसरा दिवस साधनांचा: गूगल ट्रेंड्स आणि यूट्यूबचा शोध. साधनं फुकट आहेत आणि खरंच कामाची आहेत. शिकवणं अर्धवट होतं. आम्हाला सांगितलं की ट्रेंड्समध्ये १०० दिसलं म्हणजे शंभर टक्के लोक ते शोधतात. तसं नाही. ते आकडे शोधांची संख्या सांगतच नाहीत. निवडलेल्या काळात आणि भागात त्या शब्दाचा शोध जेव्हा सर्वांत जास्त होता, त्याला १०० धरतात आणि बाकीचं त्याच्या प्रमाणात दाखवतात. पाच शब्दांपर्यंत एकमेकांशी तुलना करता येते, २००४ पासूनचं पाहता येतं, भारतातून महाराष्ट्रात उतरता येतं, आणि वेब शोधाऐवजी यूट्यूबवरचा शोध निवडता येतो. शिवणकामासारख्या हाताने करून दाखवायच्या विषयाला हा शेवटचा पर्याय फार मोलाचा. तो आम्हाला दाखवलाच नाही, मी नंतर चाचपडत शोधला.

आणि मराठीची गोष्ट तर कुणी काढलीच नाही. आमच्या बायका देवनागरीत टाइप करत नाहीत. माइक दाबून बोलतात, नाहीतर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, कितीतरी जणी हिंदीत शोधतात. "ब्लाउज" आणि "ब्लाऊज" हीसुद्धा ट्रेंड्सच्या लेखी दोन वेगळी शोधपदं. त्यामुळे एकच शब्द टाकून सपाट रेघ आली की "याला मागणी नाही" म्हणून वही मिटू नका. शोध थोडे असले की तिथे शून्य दिसतं. त्या शून्याचा अर्थ कुणीच शोधत नाही असा होत नाही. मी प्रत्येक विषय देवनागरीत, इंग्रजी अक्षरांत आणि हिंदीत, असा तीनदा टाकून पाहते. धुळ्याच्या सरांचा "स्पर्धा परीक्षेसाठी मराठी व्याकरण" हा विषय पहिल्या सपाट रेघेवरच त्यांना सोडायला लावला, याचं मला अजून वाईट वाटतं. त्यांच्याकडे रोज संध्याकाळी ओट्यावर पोरं येऊन बसतात. ती पोरं म्हणजे मागणी नाही तर काय?

यूट्यूबच्या शोधात अर्धा शब्द लिहून थांबायचं आणि खाली काय सुचवलं जातं ते उतरवून घ्यायचं, ही युक्ती चांगली सांगितली. मी त्याच्या पुढे एक पाऊल गेले. ब्लाउज कटिंगच्या गाजलेल्या व्हिडिओंखालच्या प्रतिक्रिया दोन रात्री बसून वाचल्या. "छान शिकवलं" या ओळी सोडून द्यायच्या आणि ज्या प्रश्नाला उत्तर मिळालेलं नाही तेवढाच वहीत घ्यायचा. "मागचा गळा १० इंच घेतला तर खांदा किती कमी करू?" हा प्रश्न मला चार वेगवेगळ्या व्हिडिओंखाली दिसला आणि चारही ठिकाणी तो अनुत्तरित होता. माझ्या टेबलावरची बाई आणि अनोळखी गावची बाई एकाच जागी अडलेली आहे, हे तिथे पक्कं झालं.

त्या दिवशी वर्षभराचं एक कॅलेंडरही दिलं, कोणत्या महिन्यात काय खपतं त्याचं. नवीन वर्ष, व्हॅलेंटाइन डे, राखी, दिवाळी. त्यात आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया नाही, श्रावणातली कानबाई नाही. खानदेशात शिवणकाम करणाऱ्या कुणालाही विचारा, आखाजीला माहेरी आलेली लेक नव्या ब्लाउजाशिवाय झोक्यावर बसते का? माझ्या रजिस्टरात वर्षातली सर्वांत मोठी गर्दी लग्नसराई आणि आखाजीच्या आधीच्या तीन आठवड्यांत असते. कॅलेंडर आपलं आपण करावं, आपल्या रजिस्टरावरून.

चौथ्या दिवशी मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. त्या दिवशी सांगितलं गेलं की स्वतःला काही सुचत नसेल तर पुनर्विक्रीच्या हक्कासह तयार मिळणारे इंग्रजी मजकुराचे गठ्ठे घ्या, मशीनवर मराठीत करा, वर आपलं नाव घाला. हक्क विकत घेतला असेल तर कायद्याने ते चालेलही. पण ज्या बाईने मला पैसे दिले ती माझ्या हातावर विश्वास ठेवून देते. न शिवलेल्या ब्लाउजचं माप मी तिला कसं सांगू? एकाने विचारलं, बाजारातल्या कटिंगच्या पुस्तकातले तक्ते स्कॅन करून पीडीएफ केली तर? उत्तर आलं, "थोडे बदल करा." हे चूक आहे आणि धोक्याचंही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पुस्तकाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो आणि त्यासाठी नोंदणी लागतेच असं नाही. मापाची रीत कुणाच्या मालकीची नसते. तुम्ही तुमच्या मापाने, तुमच्या हाताने नवा तक्ता काढा. दुसऱ्याचं रेखाटन आणि मजकूर उचलू नका. संस्थेने हा सगळा दिवस काढून टाकावा, असं मी त्यांना लिहिलं आहे.

पाचव्या दिवशी पुन्हा दुसऱ्या दिवसाच्याच मॅडम होत्या. त्यांचं सांगणं: वस्तू बनवण्याआधी तिची चार ओळींत माहिती लिहा, थोडी रक्कम आगाऊ घ्या, आणि ठरवलेल्या आकड्याइतक्या जणींनी पैसे भरले तरच कामाला बसा. मला हे पटेना. जे झालंच नाही त्याचे पैसे घ्यायचे? मी तसं विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, शिलाईची आगाऊ रक्कम तुम्ही घेताच ना? तारीख स्पष्ट लिहा, आणि नाही झालं तर त्याच दिवशी पैसे परत करा." हे मला पटलं.

वही भरल्यावर मी दोन विषय ठेवले. एक गळ्याचा. दुसरा बाळंतविड्याचा: झबलं, टोपरं, दुपटं, जुन्या मऊ लुगड्याचं शिवलेलं. हा दुसरा माझ्या जीवाचा विषय. माझ्या आईने शिकवलेलं पहिलं शिवण तेच, आणि मला खात्री होती की यावर उड्या पडतील. दोन्हींसाठी ५१ रुपये आगाऊ. चार दिवसांत गळ्यासाठी तेवीस जणींनी पैसे पाठवले. बाळंतविड्यासाठी दोघींनी. वही पुन्हा उघडली. १४३ प्रश्नांत बाळंतविड्याचा एकही नव्हता. मला तो शिकवायचा होता, पण कुणी विचारला नव्हता. त्या दोघींचे १०२ रुपये परत केले, आणि दोघींनाही एकेक झबल्याचं कटिंग कागदावर काढून पोस्टाने पाठवलं. ही पाचवी संध्याकाळ नसती तर मी दोन महिने बाळंतविड्यावर घातले असते.

सहावा दिवस पुढच्या महागड्या कोर्सची माहिती देण्यात गेला. त्याला संध्याकाळ म्हणून मोजू नये.

पुढचं माझं काम. अठरा पानं झाली. मागचा गळा ८ इंचांच्या पुढे गेला की खांद्याचं माप अर्धा इंच आत का घ्यायचं, पुढचा आणि मागचा गळा दोन्ही रुंद ठेवले तर का घसरतो, कापताना गळ्याची कड ताणली जाऊ नये म्हणून काय करायचं, शिवून झालेला ब्लाउज न उसवता किती सुधारतो. सोबत ३२ ते ४० अशा पाच मापांचे पूर्ण आकाराचे कागदी नमुने, ए-फोरवर तुकड्यांत छापून चिकटवायचे. किंमत १४९. अडीच महिन्यांत ६८ गेल्या, त्यातल्या अर्ध्याहून जास्त सुरतेला. तिघींना पैसे परत केले. हाती आले ९,६८५ रुपये. फी निघाली आणि वर ४,६८६ राहिले. जाहिरातीत दाखवतात तसे लाखो नाहीत. माझ्या गावात, माझ्या विषयात, पहिल्या वस्तूचे हे खरे आकडे आहेत.

त्या तीन परताव्यांचं कारण सांगते, कारण नमुने किंवा तक्ते विकायचा विचार असेल त्या प्रत्येकीला ते लागेल. क्लासमध्ये यावर एक शब्द नव्हता. झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ छापताना "फिट टू पेज" चालू असतं आणि पान जरासं लहान होऊन येतं. डोळ्याला कळत नाही. उधन्याच्या एकीने चिडून फोन केला, "ताई, छातीमा बसतच नई." मी तिला नमुन्यावरची १० सेंटीमीटरची रेघ टेपने मोजायला लावली. ९.६ भरली. म्हणजे ३६ च्या छातीत जवळपास दीड इंच गेला! कापड गिऱ्हाइकाचं होतं. तिचे पैसे तर परत केलेच, कापडाचेही दिले. आता पहिल्याच पानावर मोठा चौकोन आहे आणि खाली लिहिलं आहे: आधी फक्त हे पान "ॲक्चुअल साइज"वर छापा, चौकोन मोजा, सगळ्या बाजू १० सेंटीमीटर भरल्या तरच पुढची पानं काढा. त्यानंतर एकही तक्रार आलेली नाही.

पाचपैकी किती द्याल, असं संस्थेच्या फॉर्ममध्ये विचारलं होतं. मी तीन दिले. दुसरी आणि पाचवी संध्याकाळ पाच-पाचच्या, चौथी शून्याची. त्या दोन संध्याकाळी आणि तिसऱ्याचा अर्धा भाग मिळून दीड-दोन हजारांत दिला, तर मी माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला भरायला सांगेन. ४,९९९ मध्ये सांगताना जीभ अडखळते, विशेषतः जिच्या घरात शिलाईवरच महिना निघतो तिला. ज्यांना रोज कुणी ना कुणी काही विचारतं, म्हणजे शिंपीकाम, शेती, मसाले-पापड, शिकवण्या, मोटार रिवाइंडिंग, अशांना याचा उपयोग आहे. ज्यांना अजून कुणी काही विचारत नाही त्यांना क्लासमधून विषय मिळणार नाही. त्यांच्या हाती चौथ्या दिवसाचे गठ्ठे येतील.

पुढची बॅच एप्रिलमध्ये आहे म्हणतात, ऐन आखाजीच्या तोंडावर. शिवणकामवाल्यांनी त्या बॅचला जाऊ नये. रात्री आठला आपल्याकडे फिटिंगच्या बायका बसलेल्या असतात. पण वही मात्र त्याच महिन्यात टेबलावर हवी, कारण प्रश्न तेव्हाच येतात, आणि चिडून, खरे शब्द वापरून येतात. पावसाळ्यात बॅच असेल तिला भरलेली वही घेऊन जा. त्या मॅडमच शिकवणार आहेत का, हे पैसे भरण्याआधी फोन करून विचारा.